आलू, पतातास आणि बिल

पवनारात बटाट्याला कोणी बटाटा म्हणत नाही. आलू म्हणतात. टोमॅटोला टमाटर, आणि जुनी माणसं भेदरं. ‘बटाटा’ हा शब्द मी पुण्याला इंजिनिअरिंगला आल्यावर जिभेवर बसवून घेतला, कारण मेसमध्ये ‘आलूची भाजी’ म्हटलं की समोरची मुलं माझ्याशी हिंदीत बोलायला लागायची.

मागच्या वर्षी एक प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावर कंपनीने आमच्या टीमला मुंबईतल्या एका महागड्या स्पॅनिश रेस्टॉरंटमध्ये नेलं. मेन्यूवर पहिल्याच पानावर ‘पतातास ब्रावास’ होतं. आलं तेव्हा कळलं: तळलेल्या बटाट्याचे तुकडे आणि वर टोमॅटोचा तिखट सॉस. चव उत्तम होती, त्याबद्दल तक्रार नाही. रात्री घरी फोन केला, काय खाल्लं ते सांगितलं, किंमतही सांगितली. बाबा म्हणाले, “आलू अन् भेदरंच खायचे होते त मुंबईले कायले गेला?”

बाबांनी चेष्टा केली होती. पण इतिहासाचा प्रश्न म्हणून तो बिनचूक आहे. ताटात जे होतं ते जर आमच्याच घरचं असेल, तर पैसे नेमके कशाचे दिले?

आधी ताटाकडे बघू. बटाटा आमच्या घरचा नाही आणि स्पेनच्याही घरचा नाही. १४९२मध्ये स्पेनच्या राणीची जहाजं कॅरिबियन बेटांवर पोहोचली. तिथले ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. पुढे दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात स्पॅनिश लोकांना दुसरा कंद सापडला, त्याला तिथल्या केचुआ भाषेत ‘पापा’ म्हणत. दोन कंद, दोन शब्द. त्यांची सरमिसळ होऊन स्पॅनिशमध्ये ‘पताता’ झाला. पोर्तुगीजांनी ‘बटाटा’ उचलला आणि आपल्या किनाऱ्यावर आणला. कोकण, मुंबई, पुणे या बाजूच्या मराठीने तो तसाच घेतला. म्हणजे पुण्यातली बटाट्याची भाजी आणि माद्रिदमधले पतातास ही एकाच शब्दाची दोन पोरं आहेत, आणि तो शब्द मुळात ज्यांचा होता ते ताइनो लोक स्पॅनिश आल्यानंतर काही दशकांतच जवळजवळ नामशेष झाले. विदर्भाला हिंदीचा शेजार जास्त, त्यामुळे आमच्याकडे ‘आलू’ रुजला. कंद पोहोचला, किनाऱ्यावरचा शब्द मात्र वाटेतच राहिला.

मिरचीची गंमत याहून मोठी आहे. कोलंबस निघाला होता तो काळ्या मिरीच्या शोधात. मिरी मिळाली नाही, लाल तिखट फळ मिळालं. स्पॅनिशमध्ये मिरीला ‘पिमिएंता’ म्हणतात. या नव्या फळाला त्यांनी ‘पिमिएंतो’ म्हटलं. आपण काय केलं? आपली जुनी तिखट वस्तू मिरी, संस्कृतातली ‘मरिच’. नवी आली तिला मिरची म्हटलं. दोन देशांनी एकमेकांना न विचारता अनोळखी फळाला एकाच जुन्या मसाल्याचं नाव दिलं. आज भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि स्पेनमधल्या ला वेराच्या, ओकच्या धुरावर वाळवलेल्या लाल तिखटालाही तसंच संरक्षण आहे. दोन्हीकडचे लोक आपापल्या मिरचीला अस्सल मातीतली म्हणून मिरवतात.

आणि स्पेन आपल्यापासून वाटतो तितका लांब नव्हता. १५८० ते १६४० अशी साठ वर्षं पोर्तुगालचं सिंहासन स्पेनच्या राजाकडे होतं. म्हणजे त्या काळात वसई, चौल आणि गोव्याचा राजा माद्रिदमध्ये बसत होता. कारभार पोर्तुगीजच पाहत, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत याची नोंद सहसा दिसत नाही.

उलट्या दिशेने गेलेला मालही कमी नाही. आठव्या शतकापासून पुढे अरबी राजवटीत स्पेनमध्ये भात, ऊस, संत्रंवर्गी फळं, वांगी यांची लागवड फोफावली. शब्दही बरोबर गेले. संस्कृत ‘शर्करा’ फारसी-अरबीतून जात स्पॅनिशमध्ये ‘असुकार’ झाली. ‘नारंग’ हा ‘नारांहा’ झाला. संस्कृत ‘वातिंगण’ म्हणजे वांगं, ते फारसीत ‘बादिंगान’ आणि स्पॅनिशमध्ये ‘बेरेन्हेना’. त्या रात्री आमच्या टेबलावर ‘एस्कालिवादा’ नावाचा कातालान पदार्थ आला होता. नावाचं मूळ निखाऱ्यांत भाजण्याच्या क्रियापदात आहे: वांगी आणि ढोबळी मिरची निखाऱ्यावर भाजायची, साल काढायची, तेल-मीठ घालायचं. हे भरीत आहे. हिवाळ्यात शेतात तुराट्यांच्या जाळावर आम्ही जे करतो तेच, फक्त वर जवसाच्या तेलाऐवजी ऑलिव्हचं तेल.

तेव्हा पदार्थ परके नव्हते. पदार्थांचा दर्जाही मुळात ‘उच्चभ्रू’ नव्हता. गास्पाचो हे अंदालुसियातल्या शेतमजुरांचं खाणं: शिळा पाव, लसूण, तेल, व्हिनेगर, पाणी एकत्र कुटून केलेलं; टोमॅटो त्यात पुष्कळ नंतर आला. पाएया हा वालेन्सियाच्या भातशेतीतल्या लोकांनी दुपारी बांधावर चूल मांडून शिजवलेला भात. आपल्याकडे उद्या ठेचा-भाकर काळ्या दगडाच्या ताटलीत, वर कोथिंबिरीचं एक पान ठेवून आली तर हसू नका. फक्त किंमत बघून घ्या.

मग पैसे कशाचे? माझ्या मते पैसे पाहुणपणाचे असतात. आपल्याला ओळखत नसलेली माणसं दारात उभी राहून हसतात, खुर्ची ओढून देतात, पाणी संपायच्या आत भरतात. ओळखपाळख, नातं, उपकार यांपैकी काहीही नसताना दीड-दोन तास कोणीतरी आपल्याला पाहुणा मानतं. रेस्टॉरंट ही पाहुणपण विकत देणारी व्यवस्था आहे. आणि पाहुण्याचं खाणं कुणाच्या डोक्यावर पडतं, हा हिशोब आमच्या गावच्या इतिहासात फार जुना आहे.

पवनार आज लोकांना माहीत आहे ते विनोबांच्या आश्रमामुळे. नागपूरहून वर्ध्याकडे येताना धाम नदीचा पूल लागतो, तेच. पण इतिहासकार वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मांडलं होतं. अलीकडे काही अभ्यासक प्रवरपूर मनसरला होतं असं म्हणतात, आणि तो वाद मिटलेला नाही. पवनारला १९६७मध्ये उत्खनन झालं आणि वाकाटक काळातली शिल्पं गावात मिळाली आहेत, इतकं पक्कं. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने नंदिवर्धन सोडून ही नवी राजधानी वसवली. त्याचे ताम्रपट प्रवरपुराहून निघालेले आहेत. त्यातला एक प्रसिद्ध ताम्रपट अचलपूरजवळ चम्मक इथे सापडला. राजाने आपल्या अठराव्या राज्यवर्षात चर्मांक नावाचं गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिलं, त्याचा हा दस्तऐवज.

मी कामात रोज करारांमधल्या अटी-शर्ती वाचतो, त्यामुळे असेल, पण दानापेक्षा मला त्यातली सवलतींची यादी जास्त रंजक वाटते. या गावात राजाचे शिपाई आणि सेवक शिरणार नाहीत. गावाने गाई-बैल पुरवायचे नाहीत. फुलं आणि दूध द्यायचं नाही. जनावरांना चारा, बसायला कातडी आणि शेकोटी-चुलीसाठी कोळसा द्यायचा नाही. वेठबिगार माफ.

ही यादी उलटी वाचायची. जे या एका गावाला माफ केलं, ते बाकीच्या गावांना चुकत नव्हतं. राजाची माणसं दौऱ्यावर निघाली की गावात शिरत. बसायला आसन, बैलांना चारा, जेवण शिजवायला कोळसा, प्यायला दूध, गळ्यात घालायला फुलं. पाहुणचाराची एकही गोष्ट यातून सुटलेली नाही, फक्त यजमानाची इच्छा कोणी विचारलेली नाही. जेवणारा पैसे देत नाही आणि वाढणारा नाही म्हणू शकत नाही. अतिथीला देव मानायच्या आपल्या कौतुकाला ही एक बाजू आहे, जी सुभाषितांत येत नाही, कराच्या कागदात येते. शिवाय सवलत मिळाली ती गावातल्या राबणाऱ्यांना नाही, गावाच्या नव्या मालकांना. चारा कापणारा आणि दूध काढणारा माणूस तोच राहिला असणार. फक्त भांडं दुसऱ्या दारात जायला लागलं.

याच यादीत मीठ आणि खाणी यांच्या मधोमध एक शब्द येतो, त्याचा अर्थ आंबवलेल्या पदार्थांशी, म्हणजे दारू गाळण्याशी लावला जातो. तीही राजाच्या हक्काची बाब. आज दीड हजार वर्षांनी त्याच भागात, गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून, सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे सांग्रियावाचून चालत नाही अशा कुठल्याही स्पॅनिश रेस्टॉरंटला वर्धा जिल्ह्यात कायद्यानेच जागा नाही. प्रत्यक्षात काय आणि कुठे मिळतं ते वर्धेकर सांगतील.

फुकट खाणाऱ्या सत्तेच्या तुलनेत बिल ही मोठी सभ्य वस्तू वाटायला लागते. जो खाईल तो देईल, आणि जाताना दोघेही मोकळे. पण बाहेर जेवून पैसे द्यायची पद्धतच उशिरा आली. माद्रिदचं ‘बोतीन’ १७२५पासून चालू आहे, जगातलं सर्वांत जुनं रेस्टॉरंट म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. तिथली माणसं सांगतात की सुरुवातीला खानावळीवाल्याला मांस, दारू, धान्य विकायची परवानगीच नव्हती, कारण तो दुसऱ्या व्यापाऱ्यांचा हक्क. प्रवाशाने आपलं आणायचं, यांनी फक्त शिजवून द्यायचं.

आपल्याकडे उलटं होतं. धर्मशाळेत किंवा यजमानाच्या ओसरीवर शिधा मिळायचा: पीठ, डाळ, मीठ, तूप. शिजवायचं मात्र आपलं आपण. कारण कोरडं धान्य कोणाकडूनही चालायचं, शिजवलेलं अन्न मात्र जात विचारून. दोन्हीकडे प्रवासी अर्धाच पाहुणा होता. स्पेनमध्ये व्यापाऱ्यांच्या संघांमुळे, इथे जातीमुळे.

म्हणून मला रेस्टॉरंटच्या बिलाबद्दल आदर आहे. त्या रात्री आमच्या टेबलावर आठ जण होतो. कोणाच्या शेजारी कोण बसलं, कोणी कोणाच्या ताटलीतलं उचललं, हे कोणी पाहिलं नाही. वेटरने आडनाव विचारलं ते फक्त बुकिंगसाठी. पवनारच्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत शंभर वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. वर्ध्यात जमनालाल बजाजांनी आपलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं ते १९२८मध्ये, आणि तेव्हा ती देशभर गाजलेली गोष्ट होती. पण नुसत्या पैशाने ही भिंत पडली असंही नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चहाच्या हॉटेलात दलितांची कपबशी वेगळी टांगलेली असायची. पैसे तेवढेच, चहा तोच, कप वेगळा आणि पिऊन झाल्यावर स्वतः धुवायचा. बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम सत्तरच्या दशकातली आहे, फार जुनी नाही. बिलाने जातीला हरवलं नाही. बिलामागे कायदा, चळवळ आणि शहर उभं राहिलं तेव्हा ते जमलं.

आणि जमलं तरी दाराशी नवा पहारेकरी आला. आता जात विचारत नाहीत, पण आमच्या टेबलाचं बिल ज्या माणसाने आणून ठेवलं, त्याला ते जेवण तिथे बसून परवडलं असतं का, याचा अंदाज मला होता. त्यालाही होता. तो फार छान हसला.

पैसा हा पाहुणपणाच्या मधला अडसर आहे असं मानून, तोच काढून टाकायचा प्रयोग पवनारला झाला. विनोबा १९३८मध्ये तब्येत फार ढासळलेली असताना धामकाठच्या बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. तोच पुढे परंधाम आश्रम. १९५०च्या सुमारास त्यांनी ‘कांचनमुक्ती’चा विचार मांडला. संस्थेला मिळणाऱ्या पैशाच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, लागेल ते स्वतः पिकवायचं. शेतीही बैलांशिवाय, माणसाच्या हातांनी. तिला ‘ऋषिखेती’ म्हणत. विहिरीवरचा रहाट, जो गावात बैल ओढतात, तो आश्रमातली माणसं ढकलायची. त्यात शिकलेली, कॉलेज सोडून आलेली मुलं होती. जेवायचं असेल तर आधी रहाट फिरवा.

मला हा प्रयोग पूर्ण पटत नाही. रहाटाला मोटार जोडणं हे माझ्यासारख्याच्या लेखी पहिलं काम असतं, आणि ज्या शेतकऱ्याला जन्मभर रहाट ओढण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता, त्याला त्यात अध्यात्म दिसलं असेल असं वाटत नाही. पण विनोबांचा मुद्दा कष्ट चांगले एवढाच नव्हता. जेवणारा आणि राबणारा यांच्यामध्ये काही राहू नये, राजाचं फर्मान नाही, जात नाही आणि नोटही नाही, हा तो मुद्दा होता. १९५९मध्ये त्यांनी तिथेच ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. ते स्त्रियांनी चालवायचं ठरलं, निर्णय सर्वांच्या संमतीने. शेती, स्वयंपाक, झाडलोट बहिणी स्वतः करतात.

याच्या जवळ जाणारी एक गोष्ट मला अनपेक्षित जागी सापडली. आज जगातल्या महागड्या जेवणाची राजधानी म्हणून ज्या गावांची नावं घेतात, त्यात स्पेनच्या बास्क प्रांतातलं सान सेबास्तियान येतं. १९७६च्या सुमारास हुआन मारी आर्साक, पेद्रो सुबिहाना अशा स्वयंपाक्यांनी तिथे ‘नवी बास्क पाककला’ उभी केली. पुढे कातालोनियात फेरान आद्रियाने ‘एल बुयी’मध्ये पदार्थांचे फेस, गोळ्या, धूर करून दाखवले, वर्षातला जवळपास निम्मा काळ बंद राहणारं ते रेस्टॉरंट २०११मध्ये कायमचं मिटलं. आम्ही खाल्लेल्या जेवणाचं घराणं हेच. पण सान सेबास्तियानच्या या खाद्यसंस्कृतीच्या मुळाशी रेस्टॉरंटं नाहीत, ‘चोको’ आहेत. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही मंडळं. सभासदाकडे किल्ली असते. तो येतो, सामायिक स्वयंपाकघरात स्वतः शिजवतो, मित्रांना वाढतो, जाताना किती तेल, किती वाइन वापरली ते कागदावर लिहून स्वतःच पैसे ठेवतो. मालक नाही, वेटर नाही, गिऱ्हाईक नाही. डॉक्टर आणि गवंडी एकाच टेबलावर बसतात, असं त्यांच्याबद्दल अभिमानाने सांगितलं जातं. फक्त एक गोष्ट त्या अभिमानात बसत नाही: परंपरेने स्वयंपाकघरात बायकांना प्रवेश नव्हता. चोकोने वेटर काढून टाकला आणि बाईला दाराबाहेर ठेवलं. पवनारच्या आश्रमाने कारभारच बायकांच्या हाती दिला.

विनोबांचा पवनारचा प्रयोग मात्र त्यांच्याशिवायच पुढे राहिला. ८ मार्च १९५१ला ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी पायी निघाले. पुढच्या महिन्यात पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि पदयात्रा संपवून ते १९६४मध्ये पवनारला परतले. मधल्या तेरा वर्षांतला बहुतेक काळ पैसे न बाळगणारा हा माणूस नव्या नव्या गावात, दुसऱ्याच्या ओसरीवर पाहुणा होता. ताम्रपटातल्या राजसेवकांसारखाच गावात शिरणारा आणि मागणारा. फक्त शिपाई सोबत नव्हते, आणि मागत होता ते गावातल्याच भूमिहीनांसाठी. त्यांचं स्वतःचं खाणं पोटाच्या दुखण्यामुळे दह्या-दुधाच्या पलीकडे फारसं नव्हतं. १९८२च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळंच थांबवलं आणि १५ तारखेला, दिवाळीत, पवनारलाच देह ठेवला.

आश्रमाच्या शेताची एक गोष्ट राहिली. तिथे जमीन खणताना विनोबांच्या कुदळीला दगड लागला. तो निघाला वाकाटक काळातलं शिल्प. रामाला भरत भेटतो तो प्रसंग म्हणून विनोबांनी ते ओळखलं आणि आश्रमात बसवलं. अजून तिथेच आहे. प्रवरसेनाच्या ताम्रपटांत सवलतींच्या यादीला जोडून आणखी एक हक्क दिलेला असतो: या जमिनीत पुरलेलं धन किंवा ठेव सापडली, तर ती जमीन धारण करणाऱ्याची.